बिल्ला सांगतो धनुष्याचे वय

जुन्या धनुष्यावर १९५३ लिहिलेले दिसले की फसू नका. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ग्रेलिंग गावी फ्रेड बेअर यांचा कारखाना होता. तिथल्या अनेक धनुष्यांवर हे साल आहे, पण ते कॅनडातील पेटंटचे! (मंजुरीची तारीख आणि मालाची तारीख यांतला फरक आम्हा कारकुनांना विचारा.) खरी साक्ष मुठीजवळचा गोल बिल्ला देतो. हे बिल्ले १९५९ पासून आले, सुरुवातीचे तांब्याचे. १९७२ पर्यंत ते लाकडात सपाट बसवलेले, पुढे उठावाचे. म्हणून डागडुजी करताना पॉलिश पेपर बिल्ल्यावर चालवू नये, पुरावाच पुसला जातो. दोरी चढवण्याआधी दोन्ही पाती पिळलेली वा चिरलेली नाहीत ना, हे पाहावे. ओढताना पाते फुटले तर डोळ्यावर बेतते.