घर-अंगण : डाग हळदीचा, नुकसान ॲसिडचे



मार्च-एप्रिल आला की आपल्या हिंगोली जिल्ह्यात जिकडे तिकडे हळद शिजते आणि वाळते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण ती काढायला, वेचायला आणि मोडायला हात लागतात ते आपल्याच मायबहिणींचे. दिवसभराच्या कामानंतर घरी येताना त्या थोडीबहुत हळद आणतात आणि अंगणात वाळत घालतात. मग अंगणाच्या सिमेंटवर पिवळे डाग पडतात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका सुनेचे असेच झाले. रमाई आवासचे घरकुल झाल्यावर तिने मजुरीतून पैसे साठवून दारापुढे कोबा करून घेतला होता. हळद वाळवली, डाग पडला. तिने सोडा टाकून खराट्याने घासले, तर डाग लालभडक झाला! घाबरून तिने दुकानातून ॲसिडची बाटली आणली आणि ओतली. फसफस फेस आला. ती म्हणाली, "मावशी, बघा ना, घाण कशी उकळून निघतीय!"

भगिनींनो, तो फेस घाणीचा नव्हता. सिमेंटमध्ये चुना असतो. ॲसिड त्या चुन्याला खाते, तेव्हा फेस येतो. डाग गेला खरा, पण सोबत कोब्याचा गुळगुळीत थरही गेला आणि वाळू उघडी पडली. पावसाळ्यात त्याच खरबरीत जागी शेवाळ धरले आणि तिची सासू घसरून पडली. आठवडाभर बाईची मजुरी बुडाली.

आता डाग लाल का झाला ते पाहू. पांढऱ्या साडीवर हळद सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. सोडा, साबण, चुना लागला की हळदीचा रंग लाल होतो. कोबा नवीन असेल तर त्यातल्या चुन्यानेही होतो. म्हणजे काही बिघडले असे नाही. लिंबाचे पाणी लावले तर तोच रंग पुन्हा पिवळा होतो.

हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, पण उन्हापुढे टिकत नाही. म्हणून आधी कोरडी पूड झाडून घ्या. पाणी ओतून ती पसरवू नका. मग थोड्या पाण्याने पुसा आणि ती जागा उन्हात उघडी ठेवा. काही दिवसांत डाग फिका पडत जातो. खर्च काही नाही. पुढच्या वेळी हळदीखाली ताडपत्री किंवा जुने पोते अंथरा, म्हणजे डागच पडणार नाही.

बाकीचे डागही ओळखूनच काढावेत.

शेवाळ : आधी खराट्याने खरवडून काढा. दहा लिटर पाण्यात पाऊण वाटी ब्लिचिंग पावडर कालवून शिंपडा, पंधरा-वीस मिनिटांनी घासून धुवा. पायात चप्पल असू द्या, लेकरे लांब ठेवा आणि हे पाणी झाडाच्या आळ्यात जाऊ देऊ नका. पाणी साचणारा खड्डा बुजवला नाही तर शेवाळ पुन्हा येते.

गाडीचे तेल : लगेच राख किंवा कोरडी माती टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी झाडून घ्या. मग कपड्याच्या पावडरीचा घट्ट लेप लावून घासा. जुना डाग एका वेळेत जात नाही, दोन-तीनदा करावे लागते.

गंज : लोखंडी घमेले, सळई किंवा बादली ओल्या जागी ठेवली की तांबूस कडे उठते. त्यावर लिंबू चोळा, पाच-दहा मिनिटांत भरपूर पाण्याने धुवा. लिंबूही आंबटच, म्हणून जास्त वेळ ठेवू नका.

उन्हाळ्यात प्यायलाच पाणी पुरत नाही, तिथे अंगण धुवायचे कुठून? कपडे खळबळलेले पाणी बादलीत धरून ठेवा, तेवढे पुरते. मात्र हळदीच्या डागावर ते साबणाचे पाणी टाकू नका.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो. डोळे झोंबतात, श्वास कोंडतो, जीवही जाऊ शकतो. चुकून झालेच तर सगळे तसेच टाकून मोकळ्या हवेत जा आणि दवाखाना गाठा. ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका. तहानलेले लेकरू ते तोंडाला लावते.

कोबा कष्टाच्या पैशाचा आहे. हळदीचा पिवळेपणा उन्हाने जाईल, पण ॲसिडने खाल्लेले सिमेंट परत येत नाही.