मातीचा बैल आणि मेलेलं ढोर

मातीच्या बैलाला सध्या भाव आलाय. शिंग मोडलेलं असो, पाय तीनच असोत, फक्त जुना पाहिजे. पावसाळा सरला की पांढरीच्या टेकाडावर दलाल फिरतो, गुरं राखणाऱ्या पोरांच्या हातावर चहापाण्याचे पैसे टेकवतो आणि बैल शहरातल्या शोकेसमध्ये जाऊन उभा राहतो. पाहुण्याला सांगायचं, सातवाहनकालीन आहे. कशावरून? दलाल म्हणाला म्हणून.

दोस्तहो, हे दुखणं आता आपल्यातही शिरलंय. नोकरीला लागलेले, फ्लॅट घेतलेले आपलेच भाऊ बाबासाहेबांच्या फोटोखाली जुना मातीचा घोडा मांडतात आणि त्याला 'आपला वारसा' म्हणतात. डोंबलाचा वारसा! विकत घेतलेली ती मुकी माती.

इनामगावचं बघा. शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची डबी निघाली. सोबत बिनडोक्याची बाई आणि एक बैल. बाईच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक; काडी घातली की बाई बैलावर बसते. डबी, बाई, बैल जागच्या जागी सापडले म्हणून एवढं कळलं. तोच बैल दलालानं उचलला असता तर? खेळणं. दिवाणखान्यातलं खेळणं.

ताम्रपट ब्राह्मणांना मिळाले, देवळांना मिळाले. आपल्या बापजाद्यांच्या नावानं कोणी ताम्रपट खोदला नाही. लिहिणं ज्यांना बंद होतं त्यांचा कागद म्हणजे ही माती, ती चूल, ते खापर. थरातून वस्तू उपटली की तो कागद जळाला. मनुस्मृती आपण जाळली ती जाणून. हे जळतंय ते हौसेपायी.

आणि कायदा? १८७८ चा निखात निधीचा कायदा म्हणतो, दहा रुपयांवरचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवा. मजुरानं कळवायचं. १९७२ चा पुरावस्तू कायदा परदेशी न्यायला बंदी घालतो, धंद्याला परवाना मागतो. घरात ठेवायला मात्र मनाई नाही, ठरावीक वस्तूंची नोंदणी केली की झालं. म्हणजे कलेक्टर दोन. एकाला कळवायचं, दुसऱ्याला विकायचं. खणणारा दोन्हीकडं उपराच.

१९७४ साली दायमाबादला झुडपाचं मूळ खणताना ब्राँझचा हत्ती, गेंडा, रेडा, बैलगाडी सापडली ती छबू लक्ष्मण भिल यांना. त्यांचं नाव नोंदलं गेलं, कारण ते एकटे होते. रोजंदारीवर खड्ड्यात उतरलेल्या बायाबापड्यांची नावं कुठल्या पाटीवर आहेत?

ह्या देशात मातीच्या बैलाला काच आणि मेलेलं ढोर ओढणाऱ्याला काठी. २०१६ साली उनामध्ये मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या पोरांना गाडीला बांधून फोडलं. मग सुरेंद्रनगरच्या दलितांनी काय केलं? मेलेली ढोरं कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. घ्या, करा कलेक्शन!

तेव्हा वस्तीतल्या पोरांनी पांढरीवर पहारा ठेवावा. काही वर आलं तर हलवायच्या आधी फोटो काढा, जागा लिहा, गट नंबर लिहा, ज्याला सापडलं त्याचं पूर्ण नाव लिहा. अर्ज पुरातत्त्व खात्याला आणि तहसीलला द्या, पोच घ्या. दलाल आला तर त्याच्या गाडीचा नंबरही लिहून ठेवा.