ओझे चालते, वजन चालत नाही?

कापसाच्या हंगामात बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतात जा. बाई दिवसभर वाकून वेचणी करते आणि संध्याकाळी गाठोडे डोक्यावर घेऊन काट्यापर्यंत जाते. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याचे हंडे वाहते तीही बाईच. काट्यावर कापूस मोजला जातो. तिने वाहिलेल्या ओझ्याची नोंद कुठेच होत नाही.

याच बाईची मुलगी म्हणाली, "मला वेटलिफ्टिंग शिकायचंय," की साऱ्या गावाला तिच्या शरीराची काळजी वाटू लागते. खांदे रुंद होतील, अंग बाहेर येईल, हिला करणार कोण? मैत्रिणींनो, अंग बाहेर येण्याचा त्रास आपण जवळून पाहिला आहे. ओली बाळंतीण विसावा न मिळता हंडे उचलू लागते, तिला तो होतो. तेव्हा ही काळजी कुठे असते?

हा दुटप्पीपणा फक्त गावाचा नाही. पुरुषांचे वेटलिफ्टिंग 1896 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये होते. बायकांना तिथे प्रवेश मिळाला 2000 साली, सिडनीत. म्हणजे 104 वर्षांनी! आणि त्याच पहिल्या संधीत आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरीने 110 आणि 130, असे एकूण 240 किलो उचलून कांस्यपदक घेतले. ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. 1994 आणि 1995 मध्ये ती जगज्जेती झाली होती. उशीर तिच्याकडून नव्हे, दार उघडणाऱ्यांकडून झाला.

प्रशांत महासागरातले नऊरू हे बेट-राष्ट्र अवघे 21 चौरस किलोमीटरचे. तिथल्या रिआना सॉलोमनने 2002 च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकले. आपल्या जिल्ह्यात तालुकेच 13 आहेत! मग ताकदीच्या मुली आपल्याकडे नाहीत, असे कोण म्हणेल? सांगलीत पानपट्टी चालवणाऱ्या बापाची मुलगी काजोल सरगर हिने 2022 मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धेत 40 किलो गटात सुवर्ण घेतले. घरात पैसा नव्हता, पण सराव करायला जागा होती, शिकवणारे होते, घरच्यांची साथ होती. प्रश्न आहे तो याचा.

आणि एक प्रश्न त्याहून आधीचा. जनगणनेनुसार या जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे 2001 मध्ये 908 मुली होत्या, 2011 मध्ये 855 राहिल्या. दर 12 जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंचा जयजयकार होतो. जिजाऊ हव्यात, लेक मात्र जड होते! जी जन्माआधीच ओझे ठरली, तिच्या हातात वजन कोण देणार?

म्हणून कौतुकाची भाषणे पुरे. तालुका क्रीडा संकुलात मुलींसाठी ठरलेली वेळ हवी, बाई प्रशिक्षक हवी, कपडे बदलायला खोली आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह हवे, सरावानंतर गावी परतायला एसटी हवी. अंगणवाडीपासून मुलीच्या ताटात भावाइतकेच अन्न हवे. आपापल्या मंडळाने ही मागणी ग्रामसभेत मांडावी, ठरावात लिहून घ्यावी आणि पुढच्या सभेत जाब विचारावा.

ओझे आपण पिढ्यान्‌पिढ्या उचलत आलो. आता वजन उचलू; आपल्या मर्जीने, आपल्या नावावर.