नाशिकची बाटली, फ्रान्सचं ताट

रेड वाइनसोबत काय खावं, याचे तक्ते हल्ली मराठीतही फिरतात. कॅबर्ने सोव्हिन्यॉंसोबत स्टेक, मर्लोसोबत भाजलेलं बदक, पिनो न्वारसोबत मशरूम. ज्या राज्यात २०१५ पासून गोवंशहत्येवर पूर्ण बंदी आहे, तिथे पहिलाच सल्ला स्टेकचा! मी हिंगोली जिल्ह्यातला. आमच्याकडे भाकरी, पिठलं, ठेचा आणि काळ्या मसाल्याचं मटण. हे ताट त्या तक्त्यांत कुठेच नाही. वर ऐकवतात, ‘तुमचं तिखट जेवण वाइनला झेपत नाही.’

माझं भांडण या वाक्याशी आहे. कारण तक्त्यामागचा नियम कुणाच्या बापाचा नाही, तो जिभेचा आहे.

रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन उतरतं. जांभूळ खाल्ल्यावर तोंड कोरडं पडतं, तसंच ते करतं. मांसातली प्रथिनं आणि चरबी हा तुरटपणा मऊ करतात. स्टेक तिथे आला तो एवढ्यासाठीच. मग चरबीदार मटणाने काय घोडं मारलंय? अडचण मिरचीची आहे, हे खरं. अल्कोहोलमुळे तिखटाची आग वाढते आणि टॅनिनमुळे ती जास्त बोचते. म्हणून झणझणीत रश्शासोबत कॅबर्ने नको. कमी टॅनिनची मर्लो थोडी गार करून घ्या. मसाला दरवळणारा पण तिखट बेताचं असेल, तर शिराज. काळ्या मिरीला जो वास देतो, तोच रोटंडोन नावाचा घटक शिराजमध्येही सापडतो. काळ्या मसाल्याशी तिची ओळख आधीचीच आहे. ठेचा मात्र ताकासोबतच खावा. प्रत्येक घासाला वाइन लावलीच पाहिजे असंही नाही.

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. एक बाजू म्हणे शेतकऱ्याचं भलं, दुसरी म्हणे तरुणांचा नाश. ही वाइन मराठी माणूस कशासोबत पिणार, हा प्रश्न त्या गोंगाटात ऐकूच आला नाही. द्राक्ष नाशिकचं, बाटली नाशिकची, आणि चव समजावताना उदाहरणं मात्र पॅरिसची.

जे पीत नाहीत, त्यांनी सुरू करावं असं मी म्हणत नाही. कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना वाइन नाहीच. पण मराठीत वाइनवर लिहिणाऱ्यांनो, पुढचा तक्ता भाषांतरित करण्याआधी एकदा भाकरी आणि काळा रस्सा समोर घेऊन बसा. आणि मग लिहा.