न्हाण्याचा फंडा, करकंब स्टाइल!

तुमच्या बाथरूममधल्या शेल्फवर आत्ता किती बाटल्या आहेत? मोजा, मोजा, लाजू नका! एक अँटी-डँड्रफ, एक 'हेअरफॉल कंट्रोल', एक कांद्याची (ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितली म्हणून) आणि एक रोजमेरीची, रात्री साडेअकराला रील बघून मागवलेली. तरीही सोमवारी सकाळी कंगव्यात केसांचा पुंजका तो असतोच. मग कोणीतरी सल्ला देतं, "बॉस, केमिकल सोड आणि नॅचरलवर ये."

नॅचरल म्हणजे नेमकं काय, हे मला विचाराल तर मी तुम्हाला करकंबला पाठवीन. पंढरपूरहून टेंभुर्णीकडे निघालात की वाटेत लागणारं हे मोठं गाव. तिथे माझी मावशी राहते. वय साठीच्या पुढे, अंबाडा अजून चांगला मुठीएवढा. तिच्या घरी बोअरचं पाणी येतं आणि ते इतकं जड की बादलीच्या काठावर पांढरा थर धरतो. अशा पाण्यात अंगाचा साबण केसांना लावला तर काय होतं? पाण्यातलं कॅल्शियम आणि साबण यांची जोडी जमते, तिचा चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो. मावशी याला 'चिकटा धरला' म्हणते. शिकेकाई-रिठ्याचा असा साका होत नाही. केमिस्ट्रीचं पुस्तक न उघडता गावोगावच्या बायकांनी हे कधीच ओळखलं होतं.

शिकेकाई मात्र करकंबच्या कोरड्या रानातली नाही. ती सह्याद्रीच्या जंगलात वाढणारी काटेरी वेल. तिच्या वाळलेल्या शेंगा बाजारात येतात आणि काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. नावातलं 'काई' दक्षिणेकडचं. कन्नड आणि तमिळमध्ये 'काय' म्हणजे कच्चं फळ किंवा शेंग. सोलापूर जिल्ह्याच्या कुशीलाच कर्नाटक, त्यामुळे शब्दालाही लांबून यावं लागलं नाही! रिठ्याची गोष्ट तर त्याहून गमतीची. त्याच्या शास्त्रीय नावातला 'सॅपिंडस' हा शब्द 'भारतीय साबण' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आलाय. सोनार दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात, रेशमी साड्याही त्यातच धुतात. कारण एकच, मळ जातो आणि माल शाबूत राहतो.

फेस येतो कुठून?

शिकेकाईत आणि रिठ्यात 'सॅपोनिन' नावाचे घटक असतात. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याशी मैत्री करतं, दुसरं तेलाशी. तेलाला धरून ठेवायचं आणि पाण्याबरोबर वाहून न्यायचं, एवढंच काम. बाटलीतला शाम्पूही हेच करतो, फक्त तिथला फेस कारखान्यात तयार झालेला. फरक असा की शिकेकाईचं पाणी थोडं आम्लधर्मी असतं. आपल्या डोक्याची त्वचाही तशीच आहे, त्यामुळे दोघांचं जमतं. अंगाचा साबण अल्कधर्मी, त्याने केसांवरचे खवले उघडतात आणि केस राठ लागतात. म्हणूनच बेकिंग सोडा घालून 'होममेड शाम्पू' करायच्या रेसिपी दिसल्या की पुढे सरका. तोही अल्कधर्मीच!

आणि 'शाम्पू' हा शब्द? तो आपलाच आहे, फक्त फॉरेन रिटर्न! हिंदीतल्या 'चांपना', म्हणजे दाबणं, चोळणं, यावरून तो इंग्रजीत गेला. आपली 'चंपी'ही त्याच घरातली. 1759 मध्ये जन्मलेले पाटण्याचे दीन महंमद इंग्लंडमध्ये ब्रायटनला जाऊन स्थायिक झाले, तिथे वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केलं आणि पुढे चौथ्या जॉर्ज राजाचे 'शाम्पूइंग सर्जन' झाले. तेव्हा शाम्पू म्हणजे मालिश. केस धुणं हा अर्थ नंतर चिकटला. आपल्याकडे 1983 मध्ये तमिळनाडूतल्या कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी 15 हजार रुपयांत 'चिक'चा धंदा सुरू केला. अशा छोट्या पुड्यांतून शाम्पू खेड्यापाड्यांत पोचला. अख्खी बाटली परवडत नव्हती, पण पुडी परवडत होती. मावशीच्या न्हाणीघरातही खिळ्याला पुड्यांची माळ लटकते. घाईच्या दिवशी पुडी, निवांत दिवशी शिकेकाई. तिला यात काहीच वावगं वाटत नाही.

आता रेसिपी

मध्यम लांबीच्या केसांसाठी, दोन न्हाण्यांपुरती:

- शिकेकाईच्या 8 ते 10 शेंगा
- 5 ते 6 रिठे (फोडून आतली काळी बी काढून टाका)
- अर्धी मूठ आवळकाठी
- 1 चमचा मेथीदाणे
- साधारण 1 लिटर पाणी

शनिवारी रात्री सगळं स्टीलच्या पातेल्यात भिजत घाला. सकाळी मंद आचेवर ठेवा. "बारीक कर गं गॅस, उतू जातंय की!" हे वाक्य मावशी दर वेळी म्हणते आणि दर वेळी ते खरं असतं, कारण रिठा दुधासारखा फसफसून वर येतो. पाणी दोनतृतीयांश झालं की बंद करा, गार होऊ द्या, हाताने छान कुस्करा आणि जुन्या सुती पंचातून गाळा. नीट गाळलं नाहीत तर शेंगांचे कण दिवसभर केसांतून निघतील आणि मीटिंगमध्ये लोकांना कोंडा वाटेल!

हे पाणी पातळच असतं, घट्ट जेलची अपेक्षा ठेवू नका. फारच निसटत असेल तर जवस उकळून निघालेला बुळबुळीत रस चमचाभर मिसळा. ओल्या केसांवर ओता, बोटांच्या टोकांनी मुळाशी दोन-तीन मिनिटं चोळा, भरपूर पाण्याने धुवा. फेस कमी येतो. फेस कमी म्हणजे केस अस्वच्छ, हे टेन्शन सोडा. चापूनचोपून तेल लावलं असेल तर मात्र दोनदा लावावं लागतं.

हे वाचल्याशिवाय न्हाऊ नका

डोळे मिटा! रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर सॉल्लिड झोंबतं. पावडर वापरत असाल तर नाका-तोंडाला रुमाल बांधा, नाहीतर शिंकांची माळ लागेल. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. खाज किंवा पुरळ आलं तर विषय संपला. केस कोरडे असतील तर रिठे निम्मे करा. कलर किंवा स्मूदनिंग केलं असेल तर आधी एका बटेवर ट्राय करा. लोखंडी कढई वापरणार असाल तर लक्षात ठेवा, आवळा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. पांढऱ्या केसांवर तो थोडा चढतो, टॉवेलवर भरपूर!

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. आंबूस वास आला की सरळ फेकून द्या. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर जास्त टिकतं. आदल्या रात्री चार क्यूब बाहेर काढले की सकाळचं काम झालं.

आणि बाजारातली 'शिकेकाई'वाली बाटली घेणार असाल तर ती उलटी करून मागची यादी वाचा. जास्त प्रमाणातले घटक आधी छापलेले असतात. शिकेकाई शेवटच्या ओळीत सुगंधाच्या शेजारी बसलेली दिसली, तर समजून जा की ती पाहुणी कलाकार आहे.

पण केस गळणं थांबतं का?

आता मुद्द्याचं. माझी मावसबहीण, म्हणजे याच मावशीची लेक, हिंजवडीत नोकरी करते. वय चोवीस. गेल्या वर्षी तिचे केस असे गळायला लागले की भांग रुंद दिसू लागला. घरात स्थळं बघणं चालू. फोटो काढायचा म्हटलं की ही ओढणी डोक्यावर घ्यायची. महागडी सिरम झाली, पार्लर झालं, शेवटी दोन आठवडे रजा टाकून ती करकंबला आली. आईच्या शिकेकाईवर तिचा भरवसा होता.

मावशीने तीन-चार वेळा तिला न्हाऊ घातलं. चौथ्या वेळी तिने मोरीच्या जाळीवरचा पुंजका उचलून हातावर घेतला आणि म्हणाली, "शिकेकाई मळ काढती. केस नाही लावत. तू जेवतीस का काही तिकडं?"

उत्तर सोपं होतं. सकाळी चहा, दुपारी सॅलड, रात्री थकून बिस्किटं. त्यात महिन्याला सात दिवस जोरात पाळी. मावशी तिला दुसऱ्याच दिवशी पंढरपूरला डॉक्टरांकडे घेऊन गेली. हिमोग्लोबिन निघालं 8.4! नॉर्मल 12 च्या वर हवं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पाळीची तपासणी झाली, डबा सुरू झाला. केस गळणं कमी व्हायला चार महिने लागले आणि कपाळाजवळ बारीक नवे केस दिसायला आणखी दोन.

ही काही एकटीची गोष्ट नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. म्हणजे तुमच्या क्युबिकलच्या रांगेत चार मुली असतील तर साधारण दोघी. दिवसाला 50 ते 100 केस गळणं नॉर्मल आहे. पण मोठा ताप, बाळंतपण किंवा क्रॅश डाएट झालं की दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस गळू शकतात. तेव्हा बाटली बदलण्याआधी रक्त तपासा. थायरॉइडचंही बघा. मुलांनो, तुम्हीसुद्धा. टक्कल पडायला सुरुवात झाली असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जितक्या लवकर जाल तितकं बरं. रिठ्याच्या नादात वर्ष घालवू नका.

मग एवढा खटाटोप करायचाच कशाला? एक, डोकं खरंच छान हलकं होतं आणि केसांना तो मातकट-आंबट वास राहतो. दोन, हे काम एकट्याने नीट जमत नाही. एकाने डोळे मिटून बसायचं आणि दुसऱ्याने तांब्याने पाणी ओतत चोळायचं, अशीच त्याची पद्धत आहे. फ्लॅटमेट, बायको, नवरा, बहीण, कुणालाही पकडा. आपल्या डोक्याला शेवटचा हात कुणी कधी लावला होता, आठवतंय का? पार्लरचं बिल सोडून! शिवाय अशा वेळी केसांचा पुंजका आपल्याआधी दुसऱ्याला दिसतो, आणि एखादी मावशी नेमका प्रश्न विचारते.

तेव्हा येत्या शनिवारी झोपण्याआधी शेंगा भिजत घाला, आणि सोमवारी रक्ताच्या तपासणीची अपॉइंटमेंट घ्या. दोन्हींचा खर्च मिळून त्या रोजमेरीच्या बाटलीपेक्षा फार जास्त होणार नाही. भेटूच पुढच्या आठवड्यात!