नकलेची नावे

इंग्रजीत नकलेला एकच नाव नाही, आणि त्या नावांत अर्थच्छटांबरोबर निवाडेही दडलेले असतात. 'फॅक्सिमिली' या शब्दामागील लॅटिन अर्थ 'तसेच कर'. ही प्रत आपण मूळ नाही हे लपवीत नाही. 'काउंटरफिट' मात्र फसविण्यासाठीच घडते. 'एर्झात्स' हा जर्मन शब्द पहिल्या महायुद्धातील टंचाईशी जोडला गेला. कॉफीऐवजी भाजलेल्या चिकोरीचे पेय पिणारा फसलेला नसतो, त्याचा निरुपाय झालेला असतो. लंडनचा घड्याळजी ख्रिस्तोफर पिंचबेक (मृत्यू १७३२) याने तांबे आणि जस्त यांचा सोन्यासारखा दिसणारा मिश्रधातू केला. पुढे त्याचे आडनावच 'खोटे' या अर्थाने रूढ झाले.

आमची तक्रार इंग्रजीविषयी नाही, आमच्याच वर्गांविषयी आहे. पॅरडी, बर्लेस्क, ट्रॅव्हेस्टी या तिन्हींसाठी उत्तरपत्रिकांत 'विडंबन' येते आणि पॅस्टिशसकट उरलेल्या सर्वांसाठी 'नक्कल'. पूर्वसूरींच्या शैलीत प्रेमाने लिहिणाऱ्यावर त्यामुळे विनाकारण चोरीचा आळ येतो.

वस्तुतः मराठीला शब्दांची वाण नाही. अनुकृती, प्रतिकृती, बतावणी, सोंग, बनावट, तोतया हे सारे आपलेच. बहुरूप्याचे सोंग हे सोंग आहे, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. पानिपतानंतर उभा राहिलेला भाऊसाहेबांचा तोतया मात्र लोकांनी खरा मानण्यावरच जगत होता. हा भेद भाषेने केव्हाच केला आहे. समीक्षेने तो का विसरावा? हेतू पारखण्याआधी शब्द निवडला, की तो शब्दच निकाल देऊन मोकळा होतो.