फीचं इंग्रजी शिकायलाच हवं

यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेडच्या वस्त्यांतली पोरं इंजिनिअरिंग-फार्मसीला निघाली की आईबापाच्या हातात इंग्रजी कागद पडतो. दरवर्षी आकडा फुगतो आणि शब्द कळत नाहीत म्हणून आपण गप्प बसतो. हे थांबलं पाहिजे.

'ट्यूशन फी' म्हणजे शिकवण्याची फी. 'कॉशन मनी' म्हणजे अनामत. शिक्षण संपल्यावर ती परत मागायची. 'कॅपिटेशन फी' म्हणजे मंजूर फीवर उकळलेला पैसा. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे. 'स्कॉलरशिप' आणि 'फ्रीशिप' एकच नव्हेत. अनुसूचित जातीच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर पहिली, वर गेलं तर दुसरी.

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं. म्हणून काउंटरवर ठामपणे विचारा: 'इज धिस फी अप्रूव्ह्ड? प्लीज गिव्ह मी अ रिसीट.'

कुणी म्हणेल, शब्द शिकून फी कमी होते का? नाही होत. त्यासाठी रस्त्यावरची लढाई लढावीच लागेल. पण कोणती रक्कम बेकायदा हेच ठाऊक नसेल तर मोर्चात मागणार काय?

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ती कुणाची मेहेरबानी नाही. दर रविवारी विहारात एक तास फीचा कागद वाचायला बसू या.

जय भीम!